पंचवीस वॅटचा हट्ट

बुधवार पेठेतल्या एका दुकानात मी बारा इंची स्पीकर मागितला, गिटारच्या अँपच्या (म्हणजे अँप्लिफायरच्या) कॅबिनेटमध्ये, स्पीकरच्या पेटीत, बसवायला. काउंटरमागच्या दादांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे कुणी पुरुष माणूस उभा आहे का ते पाहिलं आणि विचारलं, "किती वॅटचा देऊ, ताई?" मी म्हटलं, "पंचवीस. फार तर साठ." ते हसले. त्या हसण्यात हेटाळणी नव्हती, काळजीच होती. वळून त्यांनी मागच्या रॅकवरून एक धूड उचललं आणि काचेच्या काउंटरवर ठेवलं; काच करकरली. "हा घ्या. तीनशे वॅट. मंडळवाले हाच नेतात. रात्रभर वाजवा, जळणार नाही. आणि तुम्ही म्हणताय त्या इम्पोर्टेडच्या निम्म्या पैशात." मी "बघते, कळवते" असं काहीतरी पुटपुटून बाहेर पडले. स्कूटर पासोड्या विठोबापाशी लावली होती. तिथवर जाईस्तोवर मनातल्या मनात त्यांना उत्तरं देत होते आणि एकही उत्तर धड उभं राहत नव्हतं. बारा पट ताकद, निम्मी किंमत, हाताळून बघायची सोय, बिघडला तर परत आणून द्यायला हक्काचं दुकान. आणि मी कशासाठी अडून बसले होते? तर चुंबकावर हिरवी टोपी घातलेल्या, जोर लावला तर फाटू शकेल अशा एका कागदी कोनाच्या, म्हणजे पुढच्या शंकूच्या, स्पीकरसाठी. दादांचं काहीच चुकलं नव्हतं. तेच सलत राहिलं.

स्पीकर बदलायची वेळ आली ती एका सुरामुळे. सगळ्यात जाड तारेवरचा तिसरा फ्रेट (गिटारच्या मानेवरची धातूची आडवी पट्टी), सूर जी. तो दाबून तार छेडली की आवाजाच्या शेपटीला एक खर्र यायची. शेजारचा एफ स्वच्छ, पुढचा ए स्वच्छ, मध्ये हा एकटा घसा बसलेला. अशा वेळी आधी संशय घरावर जातो, आणि जावाच. या सुराच्या अठ्ठ्याण्णव हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला अठ्ठ्याण्णव कंपनांना, घरातली कुठलीही वस्तू थरथरू शकते. मी खिडकीच्या सरकत्या काचेला कागदाची घडी लावली, आईच्या फडताळातले स्टीलचे डबे एकमेकांपासून लांब केले, भिंतीवरची आजोबांची फ्रेम उतरवली, पंख्याची वाटी हाताने धरून आईला तार छेडायला लावली. खर्र तशीच. शेवटी दोन स्पीकरांच्या त्या कॅबिनेटची मागची फळी काढली आणि दोन्ही हातांची बोटं कोनाच्या भोवती समान अंतरावर टेकवून तो अलगद आत दाबला. चांगला स्पीकर असा दाबला की मुकाट आत जातो आणि मुकाट परत येतो. डावा तसा गेला. उजवा दाबला तेव्हा बोटांना आधी कळलं, कानांना नंतर: आत कुठेतरी बारीक वाळू घासल्यासारखी खरखर. चुंबक आणि मधला लोखंडी खांब यांच्यातल्या फटीत कॉइल, कोनाला जोडलेली तारेची गुंडाळी, हलते. ती फट जेमतेम एखाद-दीड मिलिमीटरची. तिथे गंज धरला होता.

गंजाचं कारण माहीत होतं. हे कॅबिनेट आमच्या कॉलेजच्या बँडचं. बँड मोडल्यावर ज्याच्याकडे जागा होती त्याच्याकडे ते गेलं, आणि जागा होती चिपळूणला, मित्राच्या घराच्या माळ्यावर. कोकणातले पावसाळे त्याने आडवं पडून काढले. पुढे मित्र बंगळुरूला गेला, घर रंगवायला काढलं, तेव्हा त्याच्या काकांनी फोन करून "तुमचं ते खोकं घेऊन जा" म्हणून सांगितलं. खोकं म्हणजे खोकंच आहे ते. सदाशिव पेठेतल्या एका सुताराकडून मरीन प्लायमध्ये करून घेतलेलं. त्याला आम्ही मापं दिली होती, दोन गोल भोकं आखून दिली होती, पण हे नेमकं काय ते त्याला शेवटपर्यंत पटलं नाही. आतली बाजू उघडी ठेवणं तर त्याच्या हाताला अजिबात मान्य नव्हतं, म्हणून त्याने आतून सनमायका मारून दिला, फिकट गुलाबी, वर बारीक फुलं. स्पीकर एका मोडीत निघालेल्या अँपमधून काढलेले होते. त्यांची लेबलं तेव्हाच गेलेली. आज मागची फळी उघडली की ती गुलाबी फुलं दिसतात आणि मला सगळ्यात आधी आमच्या ड्रमरचं खिंकाळत हसणं आठवतं, गाणी नंतर.

दादांच्या दुकानातून निघाले तरी एकदम घरी गेले नाही, आधी कोन बदलणाऱ्या काकांकडे डोकावले. त्याच पेठेत, जिन्याखालच्या जागेत त्यांचं काम चालतं. वर दोरीला कागदी कोन एकात एक घालून टांगलेले, खाली तांब्याच्या कॉइली, काळ्या टोप्या, रबर सोल्युशन आणि थिनरचा नाकात चढणारा वास. समोर एक मोठा स्पीकर उघडा पडलेला. काकांनी ब्लेडने जुना कोन गोल कापून काढला, फटीत चिकटपट्टी फिरवून आतला कचरा ओढून घेतला, नवी कॉइल बसवली, आणि ती बरोबर मध्यावर राहावी म्हणून कॉइल आणि खांबाच्या मध्ये जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या खोचल्या. कुणाच्या तरी बरगड्यांचा फोटो होता तो, उजेडात दिसला. वरून कोन चिकटवला, त्यावर वजन ठेवलं. उद्या सकाळी पट्ट्या ओढून काढायच्या, कोनाच्या मध्यावर टोपी लावायची, पेन्सिल सेलची टोकं टेकवून कोन पुढे उडी मारतो का ते बघायचं, झालं. इतकं स्वच्छ काम मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. माझा स्पीकर त्यांनी दाबून पाहिला, मान हलवली, म्हणाले, "होईल. पण गणपतीनंतर या. आत्ता सगळी मंडळांची कामं आहेत." मी विचारलं, "काका, कोन कुठला घालाल?" त्यांनी वर टांगलेल्या कोनांकडे हात केला. सगळे जाड, काळे, कडेला कापडी वळ्या असलेले, ढोलासारखा दणका द्यायला केलेले. "हाच की. बारा इंची म्हणजे बारा इंची. आवाज येईल."

आवाज तर येईलच.

तो कुणाचा येईल, हा प्रश्न तिथे उभ्याउभ्या काकांना विचारण्यासारखा नव्हता. त्यांच्याकडे येणाऱ्या माणसाला हवं असतं ते असं: गाणं जसं आहे तसं, मोठ्याने. लताबाईंचा आवाज लताबाईंसारखा, ढोलाचा ढोलासारखा. स्पीकरने आपलं काही घालायचं नाही. गिटारचं सगळं याच्या उलट आहे, आणि दादांना द्यायचं उत्तर इथेच कुठेतरी होतं. सहाही तारा मोकळ्या सोडल्या तर सगळ्यात खालचा सूर ब्याऐंशी हर्ट्झचा; सगळ्यात बारीक तारेवर बाविसाव्या फ्रेटपर्यंत वर चढलात तरी मूळ सूर पावणेबाराशे हर्ट्झच्या आतच. पण अँप तापवला, आवाज फाटायला लागला, की त्या सुरांच्या डोक्यावर स्वरांशांची, म्हणजे मूळ सुराच्या पटीतल्या वरच्या सुरांची, चवडच्या चवड चढते, पार कानाला ऐकू येईल तिथवर. हे सगळं खरं बोलणाऱ्या स्पीकरमधून ऐकलं तर अंगावर येतं, माशा घोंगावल्यासारखं, कोरडं, चिरकं. गिटारचा स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या आसपास दार लावून घेतो. त्याच्या वरचं फारसं काही बाहेर येत नाही. खाली पंचाहत्तरच्या आसपास तो असाच हात आखडतो. आणि मध्ये, दोन-तीन हजारांच्या पट्ट्यात, जिथे माणसाचा कान सगळ्यात तिखट, तिथे तो मुद्दाम थोडा उंचावतो. चहाच्या गाळण्याचं काम आहे हे. चोथा वर राहायला हवा. तीनशे वॅटचा तो भक्कम स्पीकर माझ्या कपात चोथ्यासकट सगळं ओतणार होता.

आणि गाळण्याचं हे काम करतो कोण? कागद. बारीक सुरांना कोन अखंड हलत नाही. मधला भाग पुढे जात असताना कडेचा मागे राहतो, कागदाच्या अंगावरून लाटा फिरतात, काठाला जाऊन आपटून परत येतात. मोठ्या आवाजात तर कोन अक्षरशः वाकतो, मुरडतो, स्वतःचं काहीतरी बडबडतो. हायफाय बनवणाऱ्यांच्या लेखी हा दोष. कागद जाड करा, प्लास्टिक लावा, धातू लावा, पण हे थांबवा, यासाठी त्यांच्या पिढ्या राबल्या. गिटारवाले त्या दोषाचेच पैसे मोजतात. कागदाचा लगदा कुठला, तो किती जाड, त्यावर गोल उठाव किती, काठाला लावलेलं चिकट द्रावण किती, यावर आवाज घोगरा होणार की खणखणीत ते ठरतं. म्हणून काकांनी माझ्या स्पीकरला दुसरा कोन लावला असता तर लोखंड माझं राहिलं असतं, चुंबक माझं राहिलं असतं आणि आवाज मंडळाचा झाला असता. दादांपुढे हे बोलून दाखवायचं म्हणजे, "मला नीट वाजणारा नको, बिघाड असलेला द्या, आणि त्याचे दुप्पट घ्या." हसलेच असते. मीही हसले असते.

गंमत अशी की हा बिघाड कुणी आखून केलेला नाही. कागदी कोन, कॉइल आणि चुंबक अशा बांधणीचा स्पीकर जनरल इलेक्ट्रिकमधल्या राइस आणि केलॉग या दोघांनी १९२५ साली मांडला, आणि मूळ रचना आजतागायत तीच आहे; जिन्याखालचे काकाही तीच पुन्हा पुन्हा बांधतात. तेव्हा डोळ्यांसमोर रेडिओ होता. इंग्लंडमधली सेलेस्टियन कंपनी असेच रेडिओचे स्पीकर करायची. पन्नासच्या दशकाच्या अखेरीला अँप बनवणाऱ्या व्हॉक्स कंपनीला आपल्या गिटारच्या अँपसाठी काहीतरी हवं होतं, तेव्हा त्यातलाच एक बारा इंची स्पीकर थोडा दणकट करून दिला गेला. तो निळा रंगवलेला, अल्निको (अ‍ॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्टच्या मिश्रधातूच्या) चुंबकाचा, सोसायचा फक्त पंधरा वॅट. व्हॉक्सच्या एसी३० अँपमध्ये असे दोन, म्हणून तीस. तिकडे लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल नावाचा एक ड्रमर वाद्यांचं दुकान चालवत होता. गिऱ्हाइकं फेंडरचे अमेरिकी अँप मागायची आणि ते फार महाग पडायचे, म्हणून १९६२ च्या सुमारास त्याच्या दुकानातल्या माणसांनी फेंडरच्या बासमन या अँपचा नकाशा समोर ठेवून आपला एक बनवला. बासमनमध्ये मागून उघड्या पेटीत जेन्सन कंपनीचे दहा इंची चार स्पीकर होते. यांनी लावले इंग्लंडात सहज मिळणारे बारा इंची सेलेस्टियन, आणि एकेकाची ताकद एवढी बेताची की एका पेटीत चार घातले आणि मागून फळी ठोकून बंद केलं. पुढे चुंबकाला कोबाल्टचा महागडा अल्निको जाऊन स्वस्त सिरॅमिक आलं, त्यावर प्लास्टिकचं हिरवं झाकण आलं, वीसचे पंचवीस वॅट झाले, चार पंचवीस शंभर झाले. जगभरातली पोरं आज ज्या आवाजाच्या नावाने डोळे मिटतात तो असा जमला: परवडेना म्हणून, हाताशी होतं म्हणून, फाटू नये म्हणून.

फाटलेलाही चालला काहींना. १९६४ मध्ये किंक्स या इंग्लिश बँडच्या डेव्ह डेव्हिसने आपल्या छोट्या अँपच्या स्पीकरचा कोन सरळ ब्लेडने चिरला, आवाज फाटका यावा म्हणून. काकांना हे सांगायला हवं होतं. त्यांच्या हातातलं ब्लेड थबकलं असतं.

मला मात्र हा फाटका आवाज इंग्लंडहून आलेला वाटत नाही, आणि यावर मित्रांशी माझे वाद झालेत. मी तो पहिल्यांदा ऐकला गिरगावात, मामाच्या चाळीखाली, विसर्जनाच्या मिरवणुकीत. हातगाडीवर बॅटरी, बॅटरीशेजारी आहुजाचा अँप, वर बांबूला बांधलेले दोन कर्णे, आणि गाडीच्या मागे चालत बेंजो वाजवणारा, पट्टा मानेत अडकवून. बेंजो म्हणजे आपला तो टाइपरायटरसारख्या कळा असलेला, पिकअप लावलेला. कर्ण्याला ना खर्ज ना वरची बारकाई. मधला पट्टा तेवढा, तोही अँपचं बटन टोकाला फिरवून पेटवलेला. वाजवणारा एक सूर धरायचा आणि तो सूर कर्ण्यातून येताना जळत, किरकिरत, पण असा काही लांबत यायचा की ढोल-ताशांच्या वरून चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर सरळ छातीत शिरायचा. मी कठड्याला गाल टेकवून उभी असायची, लोखंड थरथरायचं. पुढे कॉलेजात कुणीतरी हेडफोन कानाला लावून इलेक्ट्रिक गिटार ऐकवली तेव्हा "अरे, हा तर बेंजोवाला!" असं मनात आलं होतं. बोलले नाही. तेव्हा बोलण्यासारखं वाटलं नव्हतं. आता हिशेब लावते तर कर्णा काय आणि गिटारचा स्पीकर काय, दोघांचं दुकान मधल्याच पट्ट्यात.

निवडायला बसले तेव्हा आधी आकड्यांत शिरले. सगळे वॅट विचारतात. दुकानदार, मित्र, गिटार शिकायला येणारी मुलं. वॅट म्हणजे स्पीकर किती सोसतो एवढंच. तो किती वाजतो ते डेसिबलच्या आकड्यात असतं: एक वॅट दिला आणि एक मीटरवर मोजलं तर किती. व्हिंटेज ३० या स्पीकरला हा आकडा शंभर आहे. (नावात तीस आहे म्हणून तीस वॅटचा समजू नका, तो साठचा आहे; आणि व्हिंटेज म्हणवतो पण आला १९८६ मध्ये.) हिरव्या टोपीचा ग्रीनबॅक अठ्ठ्याण्णव. पिवळसर टोपीचा क्रीमबॅक, पासष्ट वॅट सोसणारा, सत्त्याण्णव. दोन-तीन डेसिबल म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं. पण तीन डेसिबल कमी झाले की तेवढाच आवाज काढायला दुप्पट वॅट लागतात. कानाला आवाज दुप्पट वाटायला तर दहा डेसिबल हवेत, म्हणजे दहा पट वॅट. पन्नासचा अँप विकून शंभरचा घेणाऱ्याच्या पदरात पडतात तीन डेसिबल आणि पाठदुखी. इंटरनेटवर जो तो सांगतो, जास्त डेसिबलचा घ्या, स्टेजवर उठून दिसाल. माझं स्टेज म्हणजे कोथरूडमधल्या चौथ्या मजल्यावरची साडेदहा बाय बारा फुटांची खोली. माझा अँप पंधरा वॅटचा, व्हॉल्व्हचा, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेला. त्याचा आवाज खुलतो तो बटन निम्म्याच्या पुढे गेल्यावर, आणि निम्म्याच्या पुढे गेलं की खालच्या मजल्यावरचे आजोबा पेपर वाचायचं सोडून वर बघतात. म्हणजे मला हवा होता कमी वाजणारा स्पीकर, अँपला थोडं मोकळं सोडता येईल असा. अमेरिकेतल्या केंटकीच्या एमिनन्स कंपनीने तर चुंबकाचा जोर कमी-जास्त करायची मूठ पाठीवर असलेले स्पीकरही काढले आहेत, नऊ डेसिबलपर्यंत आवाज उतरवणारे. कल्पना झकास. पण इकडे ते हाती लागणं कठीण आणि किंमत वाचून मी पान बंद केलं.

मग व्हिडिओ. रात्री जेवणं झाली की आई मालिका बघायची आणि मी कानात बोंडं घालून चाळीस स्पीकरांची तुलना. एकच धून, एकच अँप, खाली नावं बदलत जातात. सुरुवातीला फरक स्पष्ट वाटतात. हा उजळ, तो बसका, हा पोकळ. काही दिवसांनी लक्षात आलं की माइक कोनाच्या टोपीसमोरून दोन बोटं काठाकडे सरकवला तर होणारा बदल दोन स्पीकरांमधल्या बदलाहून मोठा असतो. आणि ते सगळं ऐकायचं कशातून, तर करंगळीच्या नखाएवढ्या स्पीकरमधून. खाली लोक भांडतात ते आणखी वेगळं. कुणी म्हणतो लोण्यासारखा, कुणी म्हणतो लाकडासारखा, कुणी म्हणतो नवा आहे म्हणून असा, पन्नास तास वाजवा मग बोला. नवा स्पीकर वाजून वाजून सैलावतो हे खरंच, कडेच्या वळ्या आणि आतली जाळी मऊ पडते. पण बरंचसं सैलावणं कानांचं असतं, असा मला दाट संशय आहे. वाईट या गोष्टीचं वाटतं की आपल्या खोलीत, आपल्या हाताने वाजवून बघून स्पीकर घेण्याची सोय नाही. साडीसुद्धा आपण दुकानाबाहेर उन्हात नेऊन बघतो.

या सगळ्यात कामाची गोष्ट कळली ती आईकडून. मी वाजवते कॅबिनेटच्या शेजारी उभी राहून. ते जमिनीवर, आवाज माझ्या पोटऱ्यांवरून जातो. मला ऐकू येतं ते गोल, मऊ, थोडं दबकंच. म्हणून मी अँपवर ट्रेबल वाढवते. समोरच्या सोफ्यावर, स्पीकरच्या बरोबर तोंडासमोर, भाजी निवडत आई बसलेली असते. "किंचाळतंय गं," असं ती नेहमी म्हणायची आणि मी ते नेहमी आईचं म्हणणं म्हणून सोडून द्यायची. एक दिवस जागा बदलली. तिला गिटार नुसती धरायला देऊन लांब वायरीसकट कॅबिनेटपाशी उभं केलं, तार छेडायला सांगितली, आणि मी सोफ्यावर बसले. दाभण घुसावं तसा आवाज आला. तीन हजार हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेअकरा सेंटिमीटरच्या आसपास. कोन तिच्या दुपटीहून रुंद. अशा लाटा पसरत नाहीत, टॉर्चच्या झोतासारख्या सरळ जातात. म्हणजे इतकी वर्षं मी एक आवाज वाजवत होते आणि आई दुसराच ऐकत होती, आणि तिचाच जास्त खरा होता, कारण श्रोता ती. व्हिंटेज ३० चा तो प्रसिद्ध वरचा टोकदारपणा स्टेजवरच्या गोंगाटात धारेसारखा उपयोगी पडतो. आमच्याकडे ती धार थेट मेथीच्या जुडीवर येणार होती.

ग्रीनबॅक घ्यायचा ठरलं. सोळा ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा), आठचा नव्हे. याचाही एक हिशेब आहे. कॅबिनेटमध्ये दोन स्पीकर समांतर जोडले की ओहम निम्मे होतात. सोळाचे दोन मिळून आठ, आणि माझ्या अँपच्या पाठीला आठ आणि सोळा अशी दोन भोकं आहेत. आज एक, उद्या दुसरा, दोन्हीची सोय. जुना डावा स्पीकर आठचा, त्याला नव्याशेजारी ठेवला तर दोघांत वीज सारखी वाटली जाणार नाही, जुनाच जास्त खाणार आणि जास्त बोलणार. एकदम दोन घ्यायला पैसे नव्हते, हे साधं कारण राहिलंच. आयात शुल्क धरून किंमत जिथे जाते तिथे पंचवीस वॅटचा हा हट्ट घरात समजावून सांगणं दुकानात समजावण्यापेक्षा अवघड. आईने एवढंच विचारलं, "हा किंचाळत नाही ना?"

बसवायला बोल्ट आणि क्लिपा हव्या होत्या, त्या आणायला मी मुद्दाम त्याच दादांकडे गेले. "मग, घेतला का तीनशेचा?" मी म्हटलं, "नाही. पंचवीसचाच घेतला." आणि मग वाटेत नीट जुळवलेलं सगळं सांगायला लागले, पाच हजार हर्ट्झ, कागद, लाटा. त्यांनी ऐकून घेतलं, मधेच एका गिऱ्हाइकाला केबल कापून दिली, आणि शेवटी म्हणाले, "म्हणजे आमच्या कर्ण्यासारखं. कर्ण्यावर फक्त बोलणं चांगलं येतं, गाणं नाही." मी थांबलेच. दोन वाक्यांत त्यांनी सोडवलं. बोल्टचे पैसे घेतले, क्लिपा तशाच दिल्या.

नवा स्पीकर खोक्यातून काढला तेव्हा डिंकाचा आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास आला, नव्या वहीचा असतो त्याच्या जवळपासचा. साडेतीन किलोच्या वर वजन, त्यातलं बहुतेक चुंबकाचं आणि त्याला लागून असलेल्या लोखंडाचं. पुढचा कोन हातात धरून पाहिला तर निमंत्रणपत्रिकेच्या कागदापेक्षा फार जाड वाटेना. बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आवळले, म्हणजे चौकट वाकत नाही. वायर लावून पेन्सिल सेल टेकवला, कोन पुढे उडाला. अँप नव्या स्पीकरला जोडूनच चालू केला; व्हॉल्व्हचा अँप मोकळा सुरू केला तर आतला ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो, हे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी गिटार हातात द्यायच्या आधी सांगते. मग जाड तारेवरचा तिसरा फ्रेट. जी आला तो खर्रविना, पूर्ण, शेवटपर्यंत. पण खालचा दणका जुन्यापेक्षा कमी आहे. जोरात पॉवर कॉर्ड (खालच्या दोन-तीन तारा एकदम) मारला की खर्ज किंचित ढिला पडतो, पोट सुटल्यासारखा. वर मात्र मधल्या तारांवर एक घोगरेपणा आहे, हलक्या हाताने वाजवलं तर नाहीसा होणारा आणि बोट जरा रेटलं की परत येणारा. त्या एका गोष्टीसाठी मी पहिल्या संध्याकाळी फक्त तीन सूर वाजवत बसले. मिरवणुकीतला तो हातगाडीवाला आठवला, हे सांगायला हवंच असं नाही, पण आठवला.

उजवं भोक भरलं, डावं सध्या प्लायच्या चकतीने बंद केलं आहे. डावा जुना स्पीकर शाबूत आहे, त्यात गंज नाही; तो बंगळुरूच्या मित्राने मागितला आहे, त्याच्या पोराच्या पहिल्या अँपसाठी. उजवा काकांकडे पोचवला. मंडळाचा कोन लावून तो गिटारचा राहणार नाही, पण आमच्या सोसायटीच्या गणपतीत पुढच्या वर्षी आरतीला वाजेल. काकांनी तो घेतला आणि त्यावर खडूने माझं नाव लिहिलं. आता प्रश्न दुसऱ्या भोकाचा. मित्र म्हणतो, शेजारी व्हिंटेज ३० लाव, एक मऊ एक टोकदार, सगळे लावतात, पोट सुटतंय तेही आवरेल. तो दोन डेसिबलने मोठा, म्हणजे दोघांत तोच पुढे बोलणार, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, मग कॅबिनेट उलटं कर, टोकदार बाजू भिंतीकडे जाईल आणि मऊ सोफ्याकडे. हे खरं तर वाईट नाही सुचलेलं. दिवाळीत तो त्याचा व्हिंटेज ३० घेऊन येतोय, चार दिवसांच्या बोलीवर. मी प्लायची चकती काढून ठेवणार आहे, आणि वाजवणार तो. मी भाजी घेऊन आईशेजारी सोफ्यावर बसणार आहे.